मरियम म्हणून हाक आली की

गुहागरहून निघाले तेव्हा आईने हातावर दही ठेवलं आणि लग्नात म्हणाली होती तेच पुन्हा म्हणाली, "जिथे जाशील तिथली होऊन राहा." नवरा वारलेला, पोरगा तिच्या पदराआड उभा.

बायांनो, ते मी फारच मनावर घेतलं. बहरीनला अरादच्या बंगल्यात घरकामाला लागले, तिथे मॅडमने माझा पासपोर्ट कपाटात ठेवला आणि म्हणाली, सुलभा तोंडात बसत नाही, तुला मरियम म्हणू. आधीच्या बाईलाही मरियमच म्हणायचे. मला काही वाटलं नाही हो. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहून यमूची सुलभा झालेच होते की. म्हटलं, हे आणखी एक सासर.

मॅडमच्या माहेरची एक काळी, उंच म्हातारी तिथे यायची, उम्म सालेम. लसूण सोलत आम्ही मोडक्या हिंदीत बोलायचो. एकदा मी सांगितलं, सुट्टी मागितली की मॅडम म्हणते, तू घरचीच, कुठे जातेस? म्हातारी स्वतःच्या आईचं सांगू लागली. तिच्या आईला लहानपणी आफ्रिकेतून गलबतात घालून आणलं, मॅडमच्या माहेरी विकलं. तिथे चुलीपाशी दुसरी होती ती गोरी, बलुची. तीही विकतच घेतलेली. दळण, पाणी, मालकिणीची पोरं पाजणं, सगळं त्या दोघींनी केलं. आईला यास्मिन नाव दिलं. खरं कोणतं, ते म्हातारीलाही माहीत नव्हतं.

"तिलाही घरचीच म्हणायचे," ती म्हणाली.

मला पगार होता, तिच्या आईला नव्हता, एवढं कळत होतं. पण कपाटाची किल्ली मॅडमकडे होती, आणि पोरगा फोनवर विचारायचा, आई, कधी येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमने मरियम म्हणून हाक मारली, मी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली.

"मी सुलभा. पासपोर्ट द्या, पोराकडे जायचंय."

मॅडम माझ्याकडे नाही, म्हातारीकडे बघत राहिली. म्हातारी मान खाली घालून लसूण सोलत होती. शेवटी मॅडमने कपाट उघडलं. यल्ला, चल नीघ, म्हणाली. नोकरी खलास.

आता पोरगाच मोठा होऊन इथे बहरीनला ड्रायव्हर आहे, मी त्याच्याकडे जिदहफ्सला. पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपते, सून हसते. बाजारात कुणी मरियम म्हटलं की अजून मान वळते. यमू म्हणणारी गावी एक थोरली बहीणच उरलीय. ती फोनवर "यमे, जेवलीस का?" विचारते, तेवढाच वेळ मी घरी असते. तिच्यामागे कोण म्हणेल? म्हणून नातीला सांगितलं, मला यमू म्हणत जा.

"बट आजी, दॅट्स नॉट युवर नेम."

"आहे गं," म्हटलं. "लक्षात ठेव."