पाटलीच्या आतला चौदा

कुठल्या तोंडानं सांगू, पण तुम्ही चहा पुढं ठेवलाच आहे तर ऐका. थोरल्याच्या लग्नात मी जे दिवे लावले, ते आठवलं की अजून पदर तोंडावर घ्यावासा वाटतो!

तेव्हा नुकताच तो सोन्याचा कायदा आलेला. सोनारानं नवा दागिना घडवायचा तो चौदा कॅरेटचाच, त्याच्या वर नाही. धसईच्या बाजारात वांगी घेतानासुद्धा बायका तेच बोलत. आणि मी काय, चौथी शिकलेली, आकडे वाचणारी! आळीभर सांगून ठेवलं, "माझ्या सुनेच्या अंगावर चौदाचं सोनं चालायचं नाय. आमच्या घरात सगळं बावनकशी!"

सुनेला पाटल्यांचा एक जोड आम्ही घालायचा आणि एक तिच्या बापानं, असं ठरलेलं. आमचा जोड माझ्या सासूबाईंचा, जुना. यांनी तो मुरबाडच्या सोनाराकडून उजळून आणला. काय चमकत होत्या पाटल्या!

लग्न झालं. पूजेच्या दिवशी सुनेचे वडील, आमचे इवाय, खर्डीकडून आलेले. सूनबाई कणीक मळायला बसली, पाटल्या काढून ताटलीत ठेवल्या. मी सहज एक उचलली, आत बघितलं, आणि माझं डोकंच फिरलं. आत ठसा. चौदा!

"अहो इवाय!" मी ओट्यावर जाऊन ओरडले. "हे सोनं दिलंत पोरीला? चौदाचं?"

"आत्याबाई, त्या पाटल्या..." सूनबाई मागून म्हणाली.

"तू गप गो! बापाची बाजू घेऊ नको."

पूजेला आलेल्या सगळ्या बाया ओट्यावर गोळा झाल्या. मग काय, मला चेवच आला! म्हटलं, "दुपारच्या मोटारीनं लेकीला घेऊन जावा. खरं सोनं घालाल तेव्हा आणून सोडा!"

काय बोलले हो मी! हातावरची मेंदी अजून लाल होती पोरीच्या. तिनं खरंच आपली पिशवी आणून दारात ठेवली. इवाय बिचारे टोपी हातात घेऊन उभे.

"विहीणबाय, जरा बघू ती पाटली," ते म्हणाले. आत बघितलं आणि हळूच बोलले, "ही आमची नाय. आमच्या पाटलीला आतून फुलाची खूण हाय. पोरीच्या आईच्या हातातल्या काढून घातल्यात आमी."

सूनबाईनं ताटलीच पुढं केली. फूलवाल्या दोन पाटल्या वेगळ्या निघाल्या, पिवळ्याधमक. चौदावाल्या दोन उरल्या.

"मग या कोणाच्या?" मी विचारलं. आहे की नाही अक्कल!

घरातून हे आले, मान खाली घालून. "आपल्या," म्हणाले. "उजळताना चीर दिसली. सोनार म्हणाला, मोडून नवीन करा. नवीन करायच्या तर चौदाच्याच. तुला सांगितलं असतं तर तू मांडव डोक्यावर घेतला असतास."

आणि आता काय घेतलं होतं मी डोक्यावर? आख्खा गाव!

मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. इवायांकडं बघायची छाती होईना. त्या माणसानं बायकोचे हात ओकेबोके करून लेकीला सोनं घातलेलं, आणि मी त्याला चारचौघांत चोर केलं.

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. पाटल्या त्यांच्याच मोडलेल्या. त्या उठल्या, दारातली ती पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"घे. कायदा तुझाच ना? चौदाचं घालील त्यानं माहेर गाठायचं. दुपारची मोटार हाय. खरं सोनं मिळालं की ये परत."

कोणी हसलं नाही हो. हसले असते तर बरं झालं असतं. मी पिशवी घेऊन उभी, डोळ्यांत पाणी, आणि हे तर खुशाल सुपारी कातरायला लागले!

तेवढ्यात सूनबाई पुढं आली. कणकेच्या हातानंच तिनं पिशवी ओढून घेतली.

"आजी, राहू दे ना आत्याबाईंना," ती म्हणाली. "मी सांभाळीन."

तेव्हापासून या घरात मी राहते आहे, ती सुनेच्या शब्दावर!