पाडायच्या घरांची नलूताई

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. सरळच सांगते. शेवटचे महिने त्यांनी फार सोसलं होतं. सकाळी झोपेतच गेल्या, एवढं ऐकून मी खुर्चीत बसले आणि मोठा श्वास घेतला. मग मनात आलं... आता शेडचं काय?

शेड म्हणजे शारजा औद्योगिक क्षेत्रातलं आमचं पत्र्याचं गोदाम. नव्वदीच्या दशकात दुबईतले जुने व्हिला धडाधड पडू लागले. चांगली सागवानी दारं ढिगाऱ्यात चाललेली पाहून नलूताईंनी एका बुलडोझरवाल्याला भर उन्हात हिंदीतून झापलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. एका स्थानिक धर्मादाय संस्थेने परवानगीचं छत्र दिलं. पाडायच्या घरातली दारं, खिडक्या, बेसिनं सोडवून आणायची, स्वस्तात विकायची, आणि त्यातून इथे अडकून पडलेल्या कामगारांना घरी जायचं तिकीट काढून द्यायचं. नफा कुणी खिशात घालायचा नाही. अध्यक्ष त्याच, ओरडणाऱ्याही त्याच. मी दुबईतल्या अल कुसैसमधली त्यांची शेजारीण, म्हणजे हक्काची हमाल.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, शेडमध्ये जत्रा असायची. एकदा रत्नागिरीचे मुस्तफाभाई दार निवडत होते. मी माप विचारलं, तर म्हणाले, "माप कसलं? घर अजून बांधलंच नाय. आधी दरवाजा गावी धाडतो, मग त्याच्या मापाचं घर बांधू, इन्शाल्ला." मला हसू आवरेना. नलूताईंनी मात्र गंभीरपणे त्या दाराची चौकट शोधून काढली, बिजागऱ्यांसकट. "ही पण न्या. नुसत्या दाराने काय घर होतं?"

एक गोष्ट मात्र त्यांना टोचायची. त्यांचा निखिल इथेच वाढला, इंजिनियर झाला आणि नोकरीला लागला तो नेमका घरं पाडणाऱ्या कंपनीत. आईच्या 'भंगाराची' त्याला लाज वाटायची. "ममा, प्लीज डोंट कम टू माय साइट," असं त्याने माझ्यादेखत सांगितलं होतं. त्या कधी गेल्या नाहीत. इतर ठेकेदार त्यांना घर पाडण्याआधी फोन करायचे, थोडं प्रेमाने, थोडं त्यांच्या धाकाने. आजारपणात त्या मला म्हणाल्या, "माझ्यामागे फोन कोण करणार गं? घर पडल्यावर कळून काय उपयोग?"

झालंही तसंच. दारं विकली जात होती, नवी येत नव्हती. मी मनातून आवराआवरीला लागले होते, आणि एका सकाळी फोन आला. निखिलचा.

"आंटी, वी हॅव अ व्हिला इन रशिदिया. कॅन यू कम बिफोर द मशीन्स?"

"अरे, तुझ्या साहेबांना चालेल का?"

"आय टोल्ड देम. दे आर माय मदर्स पीपल."

हुश्श! रडू आलं, हसूही आलं, आणि कित्येक दिवसांनी मी चवीने चहा प्यायले.

व्हिला रिकामा होता, वीज तोडलेली, दार सताड उघडं. मी हातोडी घेऊन तरातरा आत निघाले, तर निखिलने हात आडवा धरला. त्या उघड्या दारावर त्याने बोटांनी टकटक केलं आणि थोडा थांबला... नलूताई प्रत्येक रिकाम्या घरापुढे अश्शाच टकटक करून थांबायच्या. लहानपणी आईचं बोट धरून यायचा, तेव्हा पाहिलं असणार.

"यल्ला आंटी," तो म्हणाला, "नाउ वी कॅन गो इन."