चुन्याचा मायनस

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवरच्या एका क्लासमध्ये मी बरीच वर्षं बारावीला केमिस्ट्री शिकवतेय. एन्थाल्पीचं, म्हणजे अभिक्रियेतल्या उष्णतेच्या हिशोबाचं प्रकरण आलं की फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे : मायनस म्हणजे गरम, प्लस म्हणजे थंड. मुलं पाठ करायची, मार्क मिळवायची. माझंही भागत होतं.

एका वर्षी उत्तनजवळच्या चौक गावाहून तीस वर्षांची एक बाई येऊ लागली. मच्छीमाराच्या घरातली. बारावीला केमिस्ट्रीत नापास झाल्यावर शिक्षण सुटलं, मग दवाखान्यात आया म्हणून नोकरी. आता नर्सिंगला जायचं, म्हणून राहिलेला विषय सोडवायचा होता. सतरा वर्षांच्या पोरांच्या मागे, शेवटच्या बाकावर बसायची.

तीन चाचण्यांत तिने उष्णता बाहेर टाकणाऱ्या प्रत्येक अभिक्रियेपुढे प्लस लिहिला. तिसऱ्यांदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, एवढं एक वाक्य पाठ होत नाही?" पोरं हसली.

क्लास सुटल्यावर ती थांबली. "मॅडम, पाठ हाय मला. पटत न्हाय."

"काय पटत नाही?"

तिने मनगट पुढे केलं. भाजल्याचा जुना डाग होता. नाताळाआधी घराच्या भिंतींना चुना मारायचा म्हणून आईने पिंपात कळीचा चुना भिजवलेला, आणि लहानपणी हिने त्यात हात घातला होता. "चूल न्हाय, काय न्हाय, आणि पाणी उकळत होतं. एवढी उष्णता आली. आलेल्याला मायनस कसं म्हणू?"

उत्तर मला येत होतं. पण इतक्या वर्षांत ते मी कोणाला दिलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. "चूल नव्हती, मग उष्णता आली कुठून?"

"चुन्यातनं. चुना न् पाण्यातनंच असणार."

"तुमच्या हाताला मिळाली. मग त्यांच्याकडची?"

"कमी झाली." मग हळूच म्हणाली, "म्हणजे पुस्तक त्यांच्या बाजूनं लिवतं. मी माझ्या हाताच्या बाजूनं लिवत होते."

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर तिची माफी मागितली आणि चुन्याची हकिगत तिलाच सांगायला लावली. ती ऐकून एका मुलीने विचारलं, "लाकूड जळताना पण मायनसच ना? मग ते एरवी आपोआप का नाही पेटत?" मी म्हणाले, "किती उष्णता निघेल एवढंच हा आकडा सांगतो. कधी निघेल, ते नाही." सगळा तास त्यातच गेला. पोर्शन मागे पडला, आणि क्लासच्या मालकांचं बोलणंही ऐकावं लागलं.

ती पास झाली. निकालाच्या दिवशी सुके बोंबील घेऊन आली, आणि मी शाकाहारी आहे हे कळल्यावर एवढी हसली, की जिन्यातली माणसं वळून बघायला लागली. नर्सिंगला प्रवेशही मिळाला तिला. पण तिच्या आधीच्या बॅचेसमध्ये न पटूनही गप्प बसलेली किती जणं असतील, हे काही माझ्या मनातून जात नाही.