सतराव्या पायलीवर

कारंज्याच्या धान्यबाजारातला तो मापारी पायली हातात घेतली की कुणाशी बोलत नसे. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचा आणि पुढचा प्रत्येक आकडा गाण्यासारखा लांबवायचा. आकडा विसरला, तर सगळी रास पुन्हा मोजावी लागे.

त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटके यायचे, तेही बहुधा बसल्याबसल्या. "मले आराम मानवत नाई, गुरुजी," असं मला अभिमानानं सांगायचा. डॉक्टरांनी दिलेली जिभेखाली धरायची गोळी त्याच्या बंडीच्या खिशात असे.

एकदा माझ्यासमोरच, सतरावी पायली ओतून त्यानं छाती धरली. मी घाईघाईनं ती गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. एरवी मूठभर ज्वारीसाठी भांडणारे शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्याला दोन्हीकडून धरून "सतरा, सतरा" घोकत बसले.

कळ ओसरल्यावर त्यानं डोळे उघडले.

"किती?"

"सतरा!" दोघं एकदमच ओरडले.

"तुमचं दोघाइचं एकमत? मले वाटलं, मी मेलोच!"

मग शेतकऱ्यानं पायली भरली, व्यापाऱ्यानं ओतली आणि मापाऱ्यानं बसल्या जागेवरून 'अठरा' म्हटलं. सूर कापत होता. आम्ही तिघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.