अण्णांची साहसयात्रा

नववीत असताना आमच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्व विकासाची एक पुरस्कार योजना आली. काही महिने एखादी कला शिकायची, एक खेळ खेळायचा, गावासाठी काहीतरी करायचं आणि शेवटी साहसयात्रा. सगळं पार पडलं की कांस्यपदक. कलेसाठी मी पेटी निवडली. शेजाऱ्यांनी ती सहन केली. सेवा म्हणून आम्ही शाळेची पाण्याची टाकी घासली. तिच्या तळाशी चप्पल सापडली तेव्हा हेडसरांनी हातातला पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला.

खरी गोम साहसयात्रेत होती. चौघी मुलींनी पाठीवर सामान घेऊन दोन दिवस चालायचं, रात्री तंबूत झोपायचं, स्वतः रांधून खायचं. मोठ्या माणसाची मदत घेतली की यात्रा बाद. ही योजना बघणारे आमचे सर फक्त ठरलेल्या ठिकाणी भेटून जाणार.

मला पदकाचं फारसं काही नव्हतं. मला दहावीनंतर नगरला हॉस्टेलवर राहून शिकायचं होतं, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यावर एकच वाक्य बोलत: "कर्जतला कालेज न्हाई का?" यात्रेचं कळल्यावर मात्र त्यांनी अट घातली. "दोन दिस घराबाहेर राहून दाखव, कुनाच्या मदतीबिगर. मग बघू हॉस्टेलचं." मी अर्ध्या वाटेतून रडत परत येणार, अशी त्यांची खात्री होती. मला सणकून राग आला. आणि रागात मी फार छान चालते.

दहावीच्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही निघालो. पहिल्याच गावाच्या अलीकडे अण्णांची मोटारसायकल उभी. अण्णा तिच्यावर बसून आभाळ बघत होते.

"तुमी हितं काय करताय?"

"मी? पाव्हन्याकडं चाललोय."

पुढच्या फाट्यावर ते बैल बघायला आले होते. त्यापुढच्या ओढ्याशी त्यांना कुणीतरी जमीन दाखवणार होतं. अण्णांचे एका सकाळीत एवढे व्यवहार मी जन्मात पाहिले नव्हते. मैत्रिणी हसून हसून वाकल्या. माझं पित्त खवळलं. अट यांनीच घातली, आणि सरांनी यांना असं मागे मागे येताना पाहिलं असतं तर सगळं मुसळ केरात.

"अण्णा, तुमच्यापायी माझं हॉस्टेल जाईल!"

"जातो बाई, जातो," म्हणत त्यांनी किक मारली.

रात्री एका गावातल्या चर्चच्या आवारात तंबू ठोकला. सरांनी परवानगी काढून ठेवली होती. पाळकांच्या पत्नी गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा घेऊन आल्या, आणि आम्ही नको म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. आपल्या घरचं या मुली खात नाहीत, असा त्यांनी अर्थ घेतला. मला इतकं वाईट वाटलं की नियम सांगताना माझी बोबडी वळली. "दारात आलेल्या पोरींना उपाशी ठेवायचा हा कसला नियम?" त्या म्हणाल्या, पण समजल्या. मग शेजारी बसून आमची खिचडी करपताना बघत राहिल्या. सांगितलं तर मदत होईल म्हणून बिचाऱ्यांनी तोंडाला पदर लावला होता.

दुसऱ्या दिवशी डोंगराकडेच्या कच्च्या वाटेवर पुन्हा अण्णा! या वेळी ते गाडीवर नव्हते, गाडी ढकलत होते. मागच्या चाकात बाभळीचा काटा. आदल्या दिवशी ते घरी गेलेच नव्हते. रात्री कुठे झोपलात विचारल्यावर नुसते खोकले. पोटात काही नव्हतं, ते तोंडावरच दिसत होतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मदत घ्यायची नाही असा नियम होता. द्यायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. पाठीवरच्या ओझ्यासकट आम्ही ती गाडी पुढच्या गावापर्यंत, म्हणजे यात्रेच्या शेवटच्या ठिकाणापर्यंत, ढकलली. ती पंक्चरवाल्याकडे टाकली, हातपंपाशी स्टोव्ह पेटवला, पुन्हा खिचडी टाकली आणि अण्णांना वाढलं. ते मान खाली घालून जेवत असतानाच सर आले.

"तुम्ही इथं कसे?" सरांच्या कपाळाला आठ्या.

आता पुन्हा पाव्हणे निघणार, असं मला वाटलं.

"पोरीच्या मागं मागं आल्तो, सर," अण्णा म्हणाले. "राहावलं न्हाई. पर मदत काडीची केली न्हाई. उलट ह्यांनीच मला गाडीसकट ढकलत आनलं आन् खाऊ घातलं. बाद करायचं तर मला करा."

सर आधी गंभीर राहिले. मग त्यांनी उरलेली खिचडी मागून घेतली, खाल्ली आणि यात्रा पुरी झाल्याचं सांगून निघून गेले. मैत्रिणी नाचायला लागल्या.

अण्णा हातपंपाशी ताटली घासत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कवा जायचं मग नगरला?"

या प्रश्नाच्या उत्तराचं मोठं भाषण मी कधीपासून पाठ करून ठेवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. मला हवं ते मिळालं होतं आणि मला रडू येत होतं.

"जूनमध्ये," मी म्हटलं.

"बरं," अण्णा म्हणाले, आणि कधीच स्वच्छ झालेली ती ताटली घासत राहिले.