वहिनींच्या हातचा मेकअप

सध्या मुलींना पुन्हा मरून लिपस्टिक हवीशी झालीय. ओठांच्या कडेने चॉकलेटी पेन्सिल, पापण्यांवर चंदेरी नाहीतर निळं, त्यावर चमकी, आणि गालांवर लांबून दिसेल असा लाल रंग. रीलमध्ये बघतात आणि मोबाईल माझ्या नाकापुढे धरून विचारतात, "काकू, हा नाइन्टीज लुक जमतो का तुम्हाला?" जमतो का म्हणे! अगं, तुझी आई दोन वेण्या घालून शाळेत जात होती तेव्हापासून मी डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या नवऱ्या याच रंगात बोहल्यावर चढवल्यात. पण तोंडावर तसं बोलत नाही. गिऱ्हाइकापुढे जीभ आवरावी लागते. एरवी ती मला आवरत नाही, हे घरचे सांगतीलच.

मधली बरीच वर्षं मात्र नुसता वैताग होता. मेकअप केलाय हे कळता कामा नये, असा मेकअप करा म्हणायच्या नवऱ्या. म्हणजे दोन तास खुर्चीत बसायचं, सगळं लावून घ्यायचं, आणि मग आरशात बघून म्हणायचं, "काकू, थोडं कमी करा ना, जास्त वाटतंय." मग लावता कशाला, तोंड धुऊन उभ्या राहा की मांडवात! त्या काळात मी नवरीचं काम घेणंच सोडलं होतं. आयब्रो, फेशियल आणि दिवाळीच्या आधी थोडी गर्दी, एवढ्यावर भागवलं. बाहेरची पाटीही काढून ठेवली. गंजली होती, आणि बघून उगाच जीव कासावीस व्हायचा.

खरं तर हे पार्लर माझं नव्हेच. माझ्या थोरल्या जावेचं. मी त्यांना वहिनी म्हणायचे. चाळीतल्या पुढच्या खोलीत एक मोठा आरसा, एक फिरती खुर्ची आणि पडद्यापलीकडे आमचं स्वयंपाकघर. नवरीच्या तोंडाला पॅनकेकचा रंग लागत असायचा आणि आत सासूबाई लसणाची फोडणी देत असायच्या. वहिनी आतल्या बाजूला ओरडायच्या, "आई, पाच मिनिटं थांबा हो, नवरीला शिंका येतायत!" सासूबाई कसल्या थांबतायत.

वहिनी स्वतः भाजीलाही पूर्ण नटून जायच्या. अंबाडा, मोठी टिकली, डोळ्यांत काजळ, ओठ गडद मरून. भाजीवाला आधी त्यांना द्यायचा, रांग असो नसो. मी म्हणायचे, "वहिनी, पालकाच्या जुडीला कोण बघतंय तुमची लिपस्टिक?" तर म्हणायच्या, "कोणी बघायला कशाला हवं गं? मला माहितीय ना मी लावलीय." केमिकल कंपन्यांच्या वासाने सकाळी डोळे चुरचुरायचे, काजळ पसरायचं, तरी त्या पुन्हा लावायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

माझ्या लग्नात माझा मेकअप वहिनींनीच केलेला. तसं म्हटलं तर रीतीला सोडून होतं ते. नवरीला नटवायचं काम माहेरच्यांचं. पण त्या सकाळी सकाळी आपली पेटी घेऊन हॉलमधल्या आमच्या खोलीत आल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "आमच्या घरात येणारी मुलगी आहे, मीच नटवणार." माझी आई साताऱ्याकडची. तिने आयुष्यात पावडरीपलीकडे काही लावलेलं नाही. ती बघत राहिली. मी तर पुरती गांगरले होते. सासरच्या माणसांपैकी पहिली जी माझ्याजवळ आली ती ही बाई. तिने माझी हनुवटी उचलली आणि म्हणाली, "डोळे मीट. घाबरू नकोस, मी पण अशीच आलेली या घरात, रडत रडत." तेवढ्याने मला किती हायसं वाटलं, काय सांगू! मेकअप पुरा झाल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही काय नाटकात कामाला निघालीय का?" वहिनी खळखळून हसल्या. त्यांच्याबरोबर मी पण हसले. लग्नाच्या दिवशीचं माझं पहिलं हसू ते.

पुढे मी त्यांच्या हाताखाली शिकले. कामाची वाटणी आपोआप झाली. चेहरा आणि डोळे त्यांचे, केस माझे. त्या समोर स्टुलावर बसायच्या, मी मागे तोंडात आकडे धरून अंबाडा घालत उभी. तोंडात आकडे असल्यामुळे मला बोलता यायचं नाही, म्हणून सगळ्या गप्पा त्या मारायच्या. त्यांना त्याचीच जास्त मजा वाटायची असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी, या सगळ्याच्या नेमकी उलटी निघाली. आईच्या पेटीला तिने कधी हात लावला नाही. शाळेच्या गॅदरिंगला वहिनी तिला रंगवायला बसल्या की ही पळायची. "शी आई, किती थापतेस!" मोठी झाल्यावर तर ठाण्याला कॉलेजात जायची ती नुसती ओठांना व्हॅसलीन लावून. आईने पापण्यांना हात लावू दे म्हटलं की मान फिरवायची. वहिनी मनाला लावून घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "पळ, कुठे पळशील? लग्नाच्या दिवशी तर माझ्याच पुढ्यात बसायचंय. तेव्हा बघते तुला."

तो दिवस काही आला नाही. मोठ्या दिरांनी ठाण्यात खोपटला फ्लॅट घेतला, ते सगळे तिकडे राहायला गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळात वहिनी आजारी पडल्या. फार दिवस काढले नाहीत. आता पाच वर्षं होतील. शेवटी शेवटी मी भेटायला गेले की त्या लिपस्टिक मागायच्या. ओठ कोरडे पडलेले, रंग धरायचा नाही, तरी मी लावायचे. तिथून घरी येताना बसमध्ये माझ्या बोटांना तो मरून रंग लागलेला असायचा आणि मला रडू फुटायचं.

या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं. साखरपुड्यानंतर ती एका रविवारी मानपाड्याला आली. आली ती सरळ माझं कपाट उघडून माझ्या लग्नाचा अल्बम काढून बसली. म्हणाली, "काकू, मला असा मेकअप हवाय. आईने तुझा केलेला तस्सा." मला वाटलं, हिच्याही डोक्यात ते रीलचं खूळ शिरलंय. म्हणून मी जरा खवचटपणे म्हटलं, "का गं? आता थापलेला चालतो वाटतं?" ती अल्बमवरून मान वर न करता म्हणाली, "तिच्या हातून करून घ्यायचा राहून गेला ना." असं काही ती याआधी कधी बोललेली नव्हती.

तर आम्ही ट्रायल घ्यायची ठरवली, खोपटला त्यांच्याच घरी. मी फोटो समोर ठेवून रंग जुळवत गेले. गाल गुलाबी, पापण्यांवर हलकी चंदेरी छटा, ओठ लालसर. दोन तास खपले. झाल्यावर ती आरशात बघत राहिली. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू? पण तिचा चेहरा पडला. म्हणाली, "छान आहे गं. पण असाच तर सगळ्यांचा असतो." मलाही तेच वाटत होतं. एवढी वर्षं हातात ब्रश धरून काय उपयोग, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

रागारागाने अल्बम पुन्हा चाळला तेव्हा एका फोटोच्या कोपऱ्यात शूटिंगवाल्याचा तो दिवा दिसला आणि माझी ट्यूब पेटली. हॅलोजनचा भला मोठा दिवा असायचा तेव्हा. शूटिंगवाला तो थेट नवरीच्या तोंडावर मारायचा. अंगाची लाही व्हायची, आणि सगळा रंग खाऊन टाकायचा तो दिवा. म्हणून आम्ही मुद्दाम खूप गडद करायचो, म्हणजे व्हिडिओ कॅसेटमध्ये आणि फोटोत माफक दिसावं. जिला त्या काळात नवरी सजवायचं ठाऊक होतं तिला हे ठाऊक होतंच. आणि मी शहाणी, फोटोत उरलेला रंग बघून मेकअप करत बसले होते! वहिनींनी माझ्या तोंडाला लावलेला रंग त्या अल्बममध्ये नव्हताच. तो फक्त त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या माणसांनी पाहिलेला.

"पूस सगळं," मी म्हटलं. ती म्हणाली, "काकू, जेवून घेऊ ना आधी." "नंतर जेव. पूस."

मग मी हात सैल सोडला. ओठांना मरून, आणि त्याच्या कडेने चॉकलेटी रेघ. गालांवर रूज. पापण्यांवर चंदेरी, बाहेरच्या कोपऱ्याला काळं. भुवयांवर आकड्याच्या टोकाने पांढरे-लाल ठिपके. ट्यूबलाइटमध्ये पोरगी अशी काही भयंकर दिसायला लागली की तिला हसू आवरेना. एवढ्यात मोठे दीर जेवायला हाक मारायला दारात आले. बघून म्हणाले, "अरे बापरे!" मग हळूच मला म्हणाले, "तुझ्या लग्नात तू अगदी अशीच दिसत होतीस. हिच्या काकाने अंतरपाट दूर झाल्यावर दचकून मागे पाऊल घेतलेलं." आणि चष्मा पुसत आत निघून गेले. पुतणी लगेच आरशाकडे वळली. आता ती हसत नव्हती.

डोळे मात्र मला मनासारखे जमले नव्हते. ते मी कुणाला सांगितलं नाही. कसे जमणार? वहिनी डोळे करायच्या तेव्हा मी कायम नवरीच्या मागे उभी. आणि ज्या एकाच वेळी त्यांच्या समोर बसलेले, तेव्हा माझेच डोळे मिटलेले. त्यांनी नेमकं काय केलं ते मी पाहिलेलंच नाही. मला फक्त त्यांचा हात आठवतो. आतल्या कोपऱ्यातून सुरुवात, एकदम हलकी. मग बाहेर जाताना थोडा दाब. मध्येच थांबून फुंकर. घरी आल्यावर मी पंख्याखाली डोळे मिटून बसायचे, स्वतःच्या पापणीवर बोट फिरवायचे आणि आठवायचे. नवरा म्हणायचा, "डोळ्यात काय गेलंय का?" काय सांगणार त्याला? मला त्या फार हव्याशा वाटायच्या तेव्हा.

लग्न डोंबिवलीतच होतं. हॉलमधली नवरीची खोली म्हणजे नुसती जत्रा. आत्या, मावश्या, मैत्रिणी, कुणाची पिन सापडत नाही, कुणाला गजरा हवाय. एक मावशी चष्मा सावरत जवळ आली आणि म्हणाली, "इतकी डार्क लिपस्टिक?" मी म्हटलं, "हो. तुमच्याकरता उरलीय थोडी, लावू का?" ती गेली. चेहरा झाला, ओठ झाले, भुवयांवरचे ठिपके झाले. डोळे तेवढे मी शेवटी ठेवले होते.

तेवढ्यात पुतणीने सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दाराला कडी घातली. परत येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "काकू, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"बोल पटकन, वेळ होत आलीय."

"डोळ्यांचं करशील ना, तेव्हा काही बोलू नकोस. एक अक्षरही नको."

मला लागलंच ते. मी म्हटलं, "का? माझ्या बडबडीचा त्रास होतो वाटतं?"

"तसं नाही गं," ती म्हणाली. "तू बोललीस की मग ती तू असतेस."

आणि तिने डोळे मिटले.

मी स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या समोर बसले. तिची हनुवटी उचलली. आतल्या कोपऱ्यातून सुरुवात केली, हलक्या हाताने. बाहेर जाताना थोडा दाब दिला. मध्ये थांबून फुंकर घातली. तिचा श्वास हळूहळू शांत होत गेला. बाहेर सनईची रेकॉर्ड लागली होती. कुणीतरी दार वाजवलं, "अहो, भटजी बोलावतायत!" मी ओ दिली नाही. मला ओठ दाताखाली धरावा लागला, कारण मी रडत होते आणि आवाज होऊ द्यायचा नव्हता. दुसरी पापणी केली. चमकीचं बोट फिरवलं. लायनरची रेघ ओढली, सरळ आली.

मिटल्या डोळ्यांनीच ती अगदी हळू, लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "आई, झालं का गं?"

झालं होतं. दोन्ही डोळे पूर्ण झाले होते. दार पुन्हा वाजलं. मी पेटीतला एक कोरडा ब्रश उचलला आणि तिच्या पापण्यांवरून फिरवत राहिले.