डाव्या डोळ्याचं चित्र

रंगाच्या दुकानात तिला सगळे शेडताई म्हणत. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा पुढे करावा आणि तिने डबा घोटून तोच रंग हातात ठेवावा, अशी तिची ख्याती. एके दिवशी एका बाईने लाल रंगाचा डबा परत आणला. "मी डाळिंबी मागितला होता. हा तर डोळ्यांत खुपतोय."

मालकांनी झाकण उघडून पाहिलं आणि डबा शेडताईपुढे सरकवला. तिला मात्र तो फिकाच दिसत होता. म्हणून तर ती लाल ओतत गेली होती. तिने उजवा डोळा झाकला. डब्यात भडक लाल. मग डावा झाकला. डब्यात विटलेली वीट.

उजवा डोळा फिरवताना दुखायचाही. ते तिने डोकेदुखीवर ढकललं होतं.

नणंद तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. यंत्रावर हनुवटी टेकवायची, हिरव्या खुणेकडे बघायचं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो निघतो. "फोटो काढणार हे आधी सांगायचं, वहिनींना पावडर तरी लावली असती," नणंद म्हणाली. यंत्रावरची मुलगी हसली. शेडताईला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन फिरवली. उजव्या डोळ्यात नसांचा थर सुजला होता; ते अपेक्षितच होतं. डाव्या डोळ्याच्या चित्रावर मात्र त्या थबकल्या. "इथे थर पातळ झालाय. या डोळ्याने कधी त्रास दिला?"

"नाही. तोच तर चांगला आहे."

"त्याला आधीच कधीतरी इजा झालीय, तुम्हाला कळलं नाही. हातपाय कधी बधिर झाले होते?"

"बाळंतपणानंतर पाय लाकडासारखा झाला होता. सासूबाई म्हणाल्या, नस दबली असेल. मग गेलं आपोआप."

"नुसत्या या चित्रावरून रोगाचं नाव सांगता येत नाही. पण मेंदूचा एमआरआय लगेच करा."

एमआरआयमध्ये डाग दिसले. मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. "कुंपणानेच शेत खावं, तसं. शरीराचं रक्षण करणारी ताकदच नसांवरचं आवरण कुरतडते. मुळापासून जात नाही, पण औषधाने आवरता येतं. डोळ्याच्या चित्रामुळे लवकर सुगावा लागला."

सोबत आलेला नवरा प्रश्न विचारत राहिला. ती टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका बघत होती. शेजारच्या कुणा बाईबद्दल बोलणं चाललं असावं, तसं तिला वाटत होतं.

घरी आल्यावर नणंदेलाच रडू फुटलं. शेडताईने तिला टॉवेल दिला आणि भांडी विसळायला घेतली.

"वहिनी, तुम्ही जरा रडा तरी."

"येईल तेव्हा रडेन."

सलाईनमधून औषध दिल्यावर लाल रंग बराचसा परतला, पुरता नाही. "लाल आता मी नजरेने नाही, रंग मिसळायच्या मशीनवरच काढत जाईन," तिने मालकांना सांगितलं.

"काढा," ते म्हणाले आणि मशीन तिच्या बाजूला सरकवून घेतलं.

पुढे इंजेक्शनं सुरू झाली. वर्षाने पुन्हा चित्र काढलं, तेव्हा थर आणखी पातळ झाला नव्हता. डॉक्टरीणबाईंना आनंद झालेला दिसला. शेडताई "बरं" म्हणाली आणि बाहेर येऊन नणंदेला म्हणाली, "चल, मला दुकानात सोड."